देवाला फाटकाशी अडवणारे व्याही

ज्या नाशकात गल्लीच्या तोंडाशी एक देऊळ आणि शेवटाशी दुसरं असतं, तिथे देवाला अडवण्यात उभी हयात घालवलेला एकच गृहस्थ मला ठाऊक आहे, आणि माझ्या नशिबाने तो माझा व्याही निघाला. हे अडवणं फक्त शाळेच्या फाटकाशी, एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं. एरवी देवाशी त्यांचं काही वाकडं नाही. ते बौद्ध, आमच्याकडे भिंतभर देवघर. पण चतुर्थीला इंदिरानगरातल्या आमच्या घरी येऊन ते मोदकांवर असा हात मारतात की नैवेद्याचं ताट मला आधीच बाजूला काढून ठेवावं लागतं. "घरात तेहतीस कोटी ठेवा, विहीणबाई, मी मोदक खायला येईन. शाळेत एकसुद्धा नको," हे त्यांचं ब्रीद.

सायखेड्याच्या पुढे एका खेड्यातल्या सरकारी शाळेत ते मुख्याध्यापक होते. तिथे राष्ट्रगीत झालं की पोरांनी डोळे मिटून दोन मिनिटं गप्प बसायचं. ज्याला देव आठवेल त्याने देव आठवावा, नाही आठवला त्याने मनात पाढे म्हणावेत. आमचे जावई त्याच शाळेत शिकले आणि ते सांगतात की त्या वेळात निम्मी शाळा पेंगायची. एकदा नव्या खोलीच्या उद्घाटनाला कुणी पुढारी आले, त्यांनी रिबीन कापली आणि नारळासाठी हात पुढे केला. नारळ नव्हता. गुरुजींनी तो सकाळीच खिचडी शिजवणाऱ्या बाईंकडे देऊन टाकला होता, आणि दुपारी पुढाऱ्यांच्या ताटात वर खोबरं भुरभुरलेली खिचडी आली. लवकरच गुरुजींची बदली पार सुरगाण्याच्या डोंगरात झाली. तिथेही त्यांनी पहिल्या दिवसापासून पोरांना डोळे मिटायला लावलं.

कुणी वाद घातला की ते थेट अमेरिकेत शिरत. तिकडे सरकारी शाळेत मास्तर पोरांकडून प्रार्थना म्हणवून घेऊ शकत नाही, कोर्टाचा तसा निकाल आहे, हे त्यांनी ओळखीच्या प्रत्येकाला ऐकवलेलं. लासलगावला एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या कांद्याच्या व्यापाऱ्याला हा निकाल त्यांनी वरणभातापासून मठ्ठ्यापर्यंत समजावला. व्यापारी बिचारा शेवटी "आन् तिकडं कांदा काय भाव हाय?" असं विचारून सुटला.

एकदा मीच चिडले. दसऱ्याला शाळेत चार पोरांनी पाटीवर सरस्वती काढून फुलं वाहिली तर कुणाचं काय बिघडतं, असं मी जरा तोडूनच विचारलं. ते नेहमीसारखे उसळले नाहीत. चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, "माझी पाटी त्या पाट्यांत ठेवू द्यायचे नाय. पूजा होईपर्यंत मी अंगणात. वर्गात देव आला ना विहीणबाई, की कुणीतरी बाहेर जातंच." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

गेल्या वर्षी लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी अमेरिकेला गेले. नातीची सरकारी शाळा डोळ्यांनी बघायची म्हणून गुरुजीही आले. पहिल्याच आठवड्यात कळलं, की दर बुधवारी शाळेच्या वेळातच एक बस येते आणि पोरांना बायबलच्या तासासाठी जवळच्या चर्चमध्ये घेऊन जाते. आईबापांची संमती असेल त्यांनाच नेतात, कायद्यात बसतं. गुरुजी आधी खूश झाले. बघा, देवाला भेटायचं तर फाटकाबाहेर जावं लागतं, म्हणून दोन दिवस त्यांनी माझं डोकं खाल्लं. मग कळलं की नातीचा सगळा वर्ग त्या बसमध्ये जातो आणि ही एकटी मागे राहते. जावयांचं म्हणणं, पाठवून टाकू, पोरगी घरी येऊन रडते. गुरुजी हटून बसले. बापलेकांचं बोलणं बंद झालं, आणि ओल्या बाळंतिणीच्या घरात दोन पुरुष एकमेकांना चुकवत फिरू लागले.

त्या बुधवारी नातीला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, म्हणून गुरुजी आणि मी तिला आणायला शाळेत गेलो. ती लायब्ररीत होती. काचेतून दिसत होतं. तिने रिकाम्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या आणि त्यांच्यासमोर उभी राहून ती हजेरी घेत होती. एकेक नाव घ्यायची, थांबायची, मग स्वतःच बारीक आवाजात "प्रेझेंट" म्हणायची. मला बघवेना. गुरुजी मात्र काचेला हात लावून शेवटच्या खुर्चीपर्यंत बघत राहिले.

जेवताना त्यांनी आपण होऊन लेकाकडे तोंड केलं. "पाठव तिला. बाहेर उभं राहणं मी करून बसलोय, तिला नको." मी वर्षानुवर्षं ह्या माणसाने हरावं म्हणून जपमाळ ओढली होती, पण त्या ताटावर मला घास गेला नाही.

परत आल्यापासून ते कुणाशीच वाद घालत नाहीत. त्यांच्या गल्लीतल्या शाळेत रोज सकाळी आरत्या चालतात, तिच्यासमोरून ते दूध घेऊन मुकाट जातात. ज्यांना त्यांचा जाच व्हायचा ते सगळे, त्यांत मीही आले, आता त्यांच्याकडे हळहळून बघतो.

परवाच्या रविवारी ते आमच्याकडे आले असताना नातीचा व्हिडिओ कॉल आला. पोरगी आता हसरी झाली आहे, मैत्रिणींची नावं घेता घेता तिला दम लागतो. वर्गात कुठल्याशा दूरदेशाहून एक नवीन मुलगी आली आहे आणि ती चर्चच्या बसने येत नाही, असं नात सांगत होती. मग बुधवारी ती काय करते, असं गुरुजींनी विचारलं.

"लायब्ररीत बसते," नात म्हणाली. "ती आमच्यातली नाहीये ना, आजोबा."

त्यांनी नातीला अभ्यास कर, दूध पी, असं नेहमीचं काहीतरी सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला. माझं बोलणं आटपलं तेव्हा ते गॅलरीत जाऊन उभे होते. माझी पूजा व्हायची होती, पण मी तशीच जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिले. ते म्हणाले, "त्या नव्या पोरीचं नाव विचारायचं राहिलं, विहीणबाई."

पुढच्या रविवारी विचारू, मी म्हटलं. ते हो म्हणाले, आणि मला रडू आलं.