कोरडं पेट्रोल

मनोहरकाका चहा उभ्यानेच प्यायचे. बशी हातात, एक पाय माझ्या पिठाच्या चक्कीच्या उंबऱ्यात, दुसरा रस्त्यावर. बसा म्हटलं की म्हणायचे, "बसलो का गंजलो." पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. सारी नोकरी खुर्चीत गेली, त्याचा वचपा ते आता काढत होते.

दारव्ह्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. काकू गेल्यावर त्यांनी एक जुनी टू-स्ट्रोक मोटरसायकल घेतली आणि शेतांमधल्या पांदणवाटांसाठी तिचं रूपच बदलून टाकलं. काळ्या मातीचा चिखल चाकात अडकतो म्हणून पुढचा मडगार्ड वर चढवला, सायलेन्सर उचलला, दातेरी टायर घातले. हे सगळं माझ्या अंगणात चाले, कारण चक्कीमुळे पाने-पकडी माझ्याकडे असत. गाडी जोडून झाली की दोन-तीन नट हमखास उरायचे. मी ते दाखवले की काका म्हणायचे, "कंपनीनं जास्तीचे देल्ले असतीन."

कापसाची ती वाईट वर्षं होती. सकाळी पेपर उघडायला नको वाटायचं; रोज कुठल्यातरी शेतकऱ्यानं जीव दिल्याची बातमी. काका त्या दिवसांत रोज कुठल्या ना कुठल्या गावाला जात. कुणाला काही देत नसत, उपदेश तर मुळीच नाही. ओसरीवर उभ्याउभ्या गप्पा मारायच्या, टर उडवायची, निघायचं. मी एकदा विचारलं, "रोज कायले जाता हो काका?"

"मले घरी करमत नाही वं शोभे."

पण आठवडी बाजाराला नेहमीचं कोण आलं नाही हे ते बरोबर हेरत, आणि दुसऱ्या दिवशी गाडी त्याच गावाकडे वळे.

त्या पावसाळ्यात, ऐन फवारणीच्या दिवसांत, त्यांची गाडी बैलगाडीत घालून घरी आली. इंजिन जाम. किक दाबली तर दगडावर पाय दिल्यासारखी.

सकाळी आम्ही प्लग काढला, भोकातून घासलेट आणि ऑइल ओतलं आणि मुरू दिलं. दुपारी गाडी गिअरमध्ये टाकून ते पुढून, मी मागून, अशी रेटारेटी केली. बऱ्याच वेळानं आत काहीतरी कट्‌कन सुटलं. हेड उतरवलं, सिलिंडर ओढून काढला. पिस्टनवर उभे ओरखडे, मांजरानं नखं मारावीत तसे.

"हे त ऑइलबिगर चाललं," काका म्हणाले.

"पेट्रोलात ऑइल टाकाचं विसरले असान. वय झालं."

"वय तुह्या चक्कीचं झालं! मी काल नामदेवच्या कॅनमधून घेतलं. फवारणीच्या पंपाचं. त्यात ऑइल असतेच."

नामदेव म्हणजे नेरकडच्या एका खेड्यातला त्यांचा जुना दोस्त. पाठीवरचा पेट्रोलचा पंपही टू-स्ट्रोकच, म्हणून त्याच्या कॅनमध्ये ऑइल आधीच मिसळून ठेवलेलं असतं. वाटेत पेट्रोल संपलं तर कुणाच्याही गोठ्यातली कॅन उचलायची आणि नंतर भरून द्यायची, हा तिकडचा रिवाज.

मी टाकीतलं पेट्रोल बोटांवर घेऊन चोळलं. लगेच उडून गेलं. बोटं कोरडी.

"काका, यात ऑइलच नाही."

ते हसले नाहीत. हातातला पाना तसाच राहिला. "नामदेव म्हने, राहू दे भाऊ, ते नको नेऊ. मी म्हटलं, कंजूष झाला का बे? अन् सारी कॅन पालथी केली." मग जरा थांबून, "पंपाच्या कॅनमध्ये कोनी कोरडं पेट्रोल काहून ठेवते, शोभे?"

मी बोटं पदराला पुसली.

"बायको माहेरी हाये त्याची," असं म्हणत ते उठलेच.

"अन् गाडी?"

"मरू दे गाडी." तसल्याच तेलकट हातांनी ते नेरच्या जीपला लटकले.

मी उघड्या इंजिनावर गव्हाचं रिकामं पोतं टाकलं आणि चक्की चालू केली. त्या दिवसांत माझ्या हातून एकीच्या ज्वारीत दुसरीचे गहू गेले. अशी चूक माझ्याकडून होत नाही. नेरकडून येणाऱ्या प्रत्येक जीपवाल्याला विचारत होते. कुणी काही वाईट सांगितलं नाही, एवढाच आधार.

काका परतले ते नामदेवला घेऊनच. त्याची दाढी वाढलेली, डोळे खाली. काकांनी त्याला अंगणात बसवलं आणि पिस्टन हातात दिला. "पाह्य, तुह्या पेट्रोलनं माह्या गाडीची काय गत केली. घे पॉलिश पेपर अन् घास. अजाबात ओरखडा दिसला नाही पाह्यजे."

नामदेव घासत बसला. मध्येच, कुणी विचारलं नसताना, मला म्हणाला, "पऱ्हाटी जाळाले आणलं होतं, वैनी. लय कंटाळलो होतो."

"येते कंटाळा," काका म्हणाले. "हात काहून थांबला?"

हिरवीगार पऱ्हाटी, म्हणजे उभी कपाशी, जळत नाही. आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं.

आणखी एक गोष्ट काकांना आणि मला ठाऊक होती. सिलिंडर आतून इतका खरवडला होता की तो लोहारा गावच्या वर्कशॉपात बोअर करून, म्हणजे आतून मोठा कापून, आणावाच लागणार होता, आणि मग मोठ्या मापाचा नवा पिस्टन. जुना पिस्टन घासून काडीचा उपयोग नव्हता. नामदेव अंधार पडेपर्यंत घासत होता. रात्री जेवला, पोळी मागून घेतली. बायको माहेराहून येईपर्यंत तो काकांकडेच राहिला.

त्यानंतर गाडी बरीच वर्षं धावली. काका गेले ते मात्र पलंगावर, झोपेत. त्यांना ते पटलं नसतं.

तेरवीला नामदेव सूनबाई-नातवंडांसह आला. काकांच्या खिडकीत तो पिस्टन ठेवलेला होता, आरशासारखा. त्याने उचलला, फिरवून पाहिला, ओळखला.

"वैनी, हा गाडीत टाकलाच नाही?"

मी पंगतीची पत्रावळ मांडत होते. म्हटलं, "कंपनीनं जास्तीचा देल्ला होता."

त्याने पिस्टन उपरण्यात गुंडाळून आपल्या पिशवीत ठेवला. मी पुढची पत्रावळ मांडली.