बर्फावर पाय सोडू नयेत

परभणी जिल्ह्यातल्या पालमला माझं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकानासमोर एक बाक आहे आणि त्या बाकावर दिवसभर बसून माझ्या दुकानाचं रक्षण करणारे तीन-चार लोक आहेत. त्यांना मी एका सकाळी जाहीर केलं, की यंदा आम्ही नवरा-बायको हिमाचलात जाणार, डोंगरातलं एक लाकडी घर भाड्याने घेणार आणि बर्फावरची गाडी चालवणार.

बाकावरच्या एकाने विचारलं, "अॅव्हरेज काय देती?"

मी म्हणालो, "अरे, तिला चाकंच नसतात. पुढं दोन घसरपट्ट्या आन् मागं रबरी पट्टा. पिठाच्या गिरणीला असतो तसा, पण रुंद."

"चाकंच न्हाईत? मंग पंक्चरवाल्याचं कसं व्हायचं तिकडं?" दुसऱ्याला खरोखर काळजी वाटली.

मी थाट मारत होतो, पण बेत माझा नव्हता. तो बायकोचा होता. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा गावापासून लांब, एसटी तिच्या वेळेला नाही, म्हणून गेली बारा वर्षं ती स्कूटीवर जाते-येते. मोबाइलवर तिने ही बर्फगाडी पाहिली आणि त्या दिवसापासून धोशा लावला. एकच अट घातली.

"मागं बसून न्हाई जायचं. मागं बसायला काय, मी इथं बी बसते तुमच्या. ती गाडी मी सोता चालवणार."

"हो, हो," मी म्हणालो. नवऱ्याने 'हो' दोनदा म्हटलं की त्याचा अर्थ काय असतो हे तिला ठाऊक आहे. म्हणून तिने दुसऱ्या दिवशी चौथीच्या वर्गात सांगून टाकलं आणि स्वतःचा परतीचा रस्ता बंद केला.

घर देवदाराच्या लाकडाचं होतं. दोन खोल्या, वर पत्रा, मधोमध बुखारी म्हणजे लाकूड जाळायची लोखंडी शेगडी. तिचं नळकांडं छपरातून बाहेर गेलेलं. घराचा मालक पन्नाशीचा, बारीक अंगाचा, शब्द मोजून वापरणारा. दोन बर्फगाड्याही त्याच्याच. घर भाड्याने घेणाऱ्याला तो स्वतः पुढे राहून फिरवून आणायचा. आल्याआल्या त्याने आम्हाला भिंतीवरच्या पाटीसमोर उभं केलं, नियम एकेक करून वाचले आणि आमच्याकडून म्हणवून घेतले. बुखारी पेटलेली असताना खिडकी बोटभर उघडी. दारू घेतली असेल तर गाडी नाही. खुणेच्या काठ्यांच्या बाहेर गाडी घालायची नाही, कारण बर्फाखाली देवदाराची लावलेली रोपं आहेत. नेलेला कागद, पिशवी, बाटली परत आणायची. दुपारी दोनच्या आत घरी.

दोनच का, ते बायकोने विचारलं. दुपारच्या उन्हाने वरच्या उतारावरचा बर्फ सैल होतो आणि खाली येतो, असं तो म्हणाला. आम्ही कोणत्या वाटेने जातो हे त्याच्या घरवालीला सांगून निघायचं. दोनला आम्ही दिसलो नाही की ती गावातले लोक घेऊन निघणार.

"टेन्शन नक्को लो मालक," मी माझी खास परभणीची हिंदी काढली. "तीस साल से गाडी चलारा मैं."

तो म्हणाला, "कल सुबह ही चलेंगे. परसों से बर्फ़ गिरेगी, फिर कोई गाड़ी नहीं निकलेगी." आमची परतीची बस तेरवा होती. म्हणजे हाताशी एकच सकाळ.

सकाळी घरामागच्या सपाट पटांगणात शिकवणी झाली. उजव्या अंगठ्याखाली वेग, डाव्या हातात ब्रेक. चालवणाऱ्याच्या मनगटाला एक पीळदार दोरी, तिचं दुसरं टोक गाडीत खोचलेलं. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. उतारावर गाडी कलली तर अंग डोंगराच्या बाजूला टाकायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, असं म्हणून त्याने माझ्या गुडघ्यावर चापट मारली: "पैर अंदर. कुछ भी हो, पैर अंदर." गाडी अडीच-तीन क्विंटलची. बाहेर काढलेला पाय तिला सावरत नाही, उलट तिच्याखाली जातो. हे त्याने तीनदा सांगितलं. तीनदा मी मान डोलावली.

मग परीक्षा. मी दोन फेऱ्या मारल्या आणि दुसऱ्या फेरीत बायकोला सलाम ठोकला. बायको हळू निघाली, हळू वळली आणि सांगितलेल्या काठीपाशी बरोब्बर थांबली. हेल्मेटमधून तिचे नुसते डोळे दिसत होते.

"बढ़िया, मैडम," मालक म्हणाला. आणि मला, "आप हाथ थोड़ा कम हिलाइए."

पुढच्या गाडीवर मालक, मागच्या गाडीवर आम्ही दोघं. मी पटकन पुढच्या सीटवर टांग टाकली.

"अहो, काय ठरलं होतं?"

"अगं, जाताना मी, येताना तू. रस्ता कसाय ते बघून ठेवतो. तुझ्यासाठीच."

"माझ्यासाठी," ती म्हणाली आणि मागे बसली.

जायचं होतं ते वरच्या कुरणापर्यंत; वाट छान होती. सफरचंदाच्या उघड्या झाडांमधून जाताना मालकाने हात वर केला. ही थांबायची खूण. समोरून एक म्हातारी पाठीवर लाकडाचा भारा आणि पुढे गाय घेऊन येत होती. आम्ही दोन्ही इंजिनं बंद केली. गाय आमच्याकडे बघत, नाक फुस्कारत निघून गेली, मग आम्ही ती पुन्हा सुरू केली. जनावर बिथरलं तर उतारावरून खाली जातं, हे तिथे कुणी पाटीवर लिहिलेलं नव्हतं, पण पाळत सगळे होते.

त्यानंतर देवदाराची गर्द सावली लागली. तिथला बर्फ मऊ होता. आणि इथे मला आमच्या काळ्या मातीबद्दल सांगावं लागेल.

आमच्याकडे पावसाळ्यात शेतात जायचं तर पांदण लागते. पांदण म्हणजे दोन बांधांमधली बैलगाडीची वाट, आणि पावसाळ्यात ती म्हणजे चिखलाचा ओढा. काळी माती ओली झाली की साबणासारखी निसटते आणि मेणासारखी चिकटते. त्यात मोटारसायकल घालायची एकच पद्धत आहे. पहिला गिअर टाकायचा, दोन्ही पाय खाली सोडायचे आणि बदकासारखं चिखल घासत, फावडत पुढे जायचं. डावीकडे कलली की डावा पाय, उजवीकडे कलली की उजवा. आमच्या जिल्ह्यात ज्याने पांदणीत पाय सोडले नाहीत त्याने गाडी चालवली असं कुणी धरत नाही. हे शिकवावं लागत नाही. खाली निसरडं लागलं की पाय आपोआप सुटतात.

ते सुटले.

गाडी मऊ बर्फात उताराकडे जराशी कलली. अंग डोंगराकडे टाकायचं सोडून मी दोन्ही पाय खाली सोडून फावडायला लागलो. बर्फात माती नव्हती एवढाच फरक. उतारावरचा पाय मांडीपर्यंत आत गेला, तिथेच राहिला आणि गाडी पुढे निघाली. मी खाली. दोरी ताणली, सुटली, इंजिन बंद. गाडी दोन हात पुढे जाऊन तिरकी थांबली. मागे बसलेली बायको वरच्या बाजूला उडी मारून उतरली होती आणि कंबरेइतक्या बर्फात उभी होती.

"अहो! लागलं का?"

"न्हाई, न्हाई!" मी पडल्यापडल्या हात हलवला. घोट्यातून कळ मस्तकात गेली होती.

मालक गाडी थांबवून चालत मागे आला. आधी त्याने बायकोला विचारलं, मग माझा पाय चाचपला, बोटं हलवायला लावली आणि बूट काढू नका म्हणाला. काढला तर सूज येईल आणि पुन्हा चढणार नाही. मग विचारलं, काय झालं?

तीस वर्षं दुकानात बसून माझी एक सवय झालेली आहे. कुणाचंही काहीही मोडलं तरी दोष भागाचा असतो, माणसाचा नसतो. तोंडातून निघून गेलं, "गाडीच खेंची एक तरफ. हँडल में कुछ तो बी लोच्या है."

त्याने हँडलकडे पाहिलं आणि मान हलवली. मग ही गाडी चालवायची नाही, असं तो म्हणाला. बिघाड आहे असं जिच्याबद्दल वाटलं, तिच्यावर माणूस बसवायचा नाही. तो ती त्याच्या गाडीला बांधून ओढत नेईल. आम्ही दोघं त्याच्या चाकोरीतून चालत परत यायचं. त्याने सीटखालच्या पेटीतून दोर काढलासुद्धा.

बायकोने हातातला हातमोजा काढला, झटकला, पुन्हा घातला. एवढंच. येतानाची तिची पाळी माझ्या शब्दाने दोराला बांधली जात होती आणि उद्यापासून बर्फ पडणार होता.

मग ती हळूच म्हणाली, "तुमी पाय सोडले का?"

मी पँटवरचा बर्फ झटकायला लागलो.

"पांदणीत सोडतेत तसे. मी मागं होते, मला दिसायलं होतं."

"मंग तू का न्हाई सांगितलंस त्याला?"

"मी का सांगू? तुमी पडलात."

मी बर्फात बसल्या जागी मालकाला हाक मारली. "मालक, रुको. गाडी में कुछ नक्को है. मेरे में है." त्याला ते कळेना. पांदण हा शब्द कोणत्याच हिंदीत नाही. मग मी त्याला करून दाखवलं. एका पायावर उभा राहिलो, दोन्ही हातांनी हवेतलं हँडल धरलं, तोंडाने पहिल्या गिअरचा आवाज काढला आणि लंगडत, फावडत चार पावलं बर्फात परभणीचा पावसाळा चालवून दाखवला. चिखल उडून चष्म्यावर आला तेही दाखवलं. चाक माती खाऊन जाम झाल्यावर काडीने कोरायचं असतं तेही. बायको आधी हेल्मेटच्या आत हसत होती, मग बाहेर.

मालक हसला नाही. त्याने शेवटपर्यंत लक्ष देऊन पाहिलं आणि विचारलं, "पैर छोड़े थे?"

"छोडे थे. दोनों."

"तो आप अब नहीं चलाएँगे."

"नक्को."

त्याने दोर परत पेटीत ठेवला. तरी माझ्या शब्दावर विसंबला नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, पुढच्या पट्ट्या हलवून पाहिल्या, इंजिन सुरू करून दोरी ओढली, ते बंद पडतं याची खात्री केली. घड्याळ पाहिलं. वरच्या कुरणापर्यंत आता जायचं नाही, इथूनच माघारी, असं सांगितलं. मग दोरीचं टोक बायकोपुढे धरलं.

"आइए, मैडम."

तिने ते मनगटात अडकवलं. मी मागे बसलो, दुखरा पाय आत, न दुखणारा त्याहून आत. मागच्याने दोन्ही हातांनी बाजूच्या मुठी धरायच्या असतात, त्यामुळे तिचं चित्रण करायला माझा हात मोकळा नव्हता. चौथीच्या वर्गाला बाईंच्या शब्दावर भागवावं लागणार होतं.

त्याच सावलीत, त्याच मऊ बर्फात गाडी पुन्हा कलली. तिने अंग डोंगराकडे टाकलं. माझंही तिच्यामुळे तिकडे गेलं. अंगठ्याचा जोर तिने वाढवला नाही, कमीही केला नाही, गाडी सरळ झाली. सफरचंदांच्या बागेपाशी उजवीकडे कुणाचीच खूण नसलेलं, मऊसूत पांढरं मैदान होतं. मी मागून म्हणालो, "अगं, तिथून एक चक्कर? कोन बघायलंय!"

"खाली झाडं हायेत," ती म्हणाली आणि काठ्यांच्या आतून चालवत राहिली.

घरापाशी मालकाची बायको फाटकात उभी होती. दोन वाजायला बराच अवकाश होता, तरी उभी होती. तिने आम्हाला मोजलं आणि आत गेली. बायकोने गाडी भिंतीला समांतर लावली, इंजिन बंद केलं. मी लंगडत उतरलो. ती उतरली नाही. हेल्मेट घातलेलं, दोन्ही हात हँडलवर, अंगठा अजून जागेवर.

"उतर ना," मी म्हणालो. "झालं की."

"थांबा जरा. अजून चालू हाय असं वाटायलंय."