चौकोनी ठिपक्यांचं पिंपळपान

हडपसरच्या कारखान्यात कानस चालवण्यात कचरूंचा उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर रिकामं बसणं त्यांना जमेना. मुलीनं, दीक्षानं, एकदा मोबाईलवर पिक्सेलचं चित्र दाखवलं. जवळून नुसते चौकोन, लांबून पोपट. कचरूंनी एका जाड खिळ्याचं टोक घासून चौकोनी केलं, त्याला सायकलच्या हँडलची जुनी मूठ बसवली आणि तो रंगात टेकवून खोक्याच्या फळ्यांवर ठसे मारायला सुरुवात केली. तळहाताएवढ्या चित्रांनी खिडकी भरून गेली.

यंदा दीक्षानं खराडीत घर घेतलं. “पप्पा, दारावर तुमच्या हातचं पिंपळपान पाहिजे.”

पहिल्याच ओळीत ठसा सरकला. घासून पुन्हा मारला, पुन्हा सरकला. तेव्हा त्यांनी उजव्या हाताकडे नीट पाहिलं. अंगठा आपला आपण हलत होता.

थोरल्या भावाचं, हिंमतरावांचं, असंच सुरू झालं होतं. शेवटी त्यांना घास भरवावा लागायचा.

कचरू कुणालाच काही बोलले नाहीत. पितळी पट्टीला चौकोनी भोक पाडलं, पट्टी फळीवर दाबून धरायची आणि भोकातून खिळा टेकवायचा. पान सुबक उतरलं. पण चहाचा कप ते आता दोन्ही हातांनी धरायचे.

नव्या घरी दीक्षाच्या ऑफिसातली उत्कर्षा पानावर भलतीच खूश झाली. “काका, एक ठसा मारून दाखवा ना, प्लीज!” दीक्षानं हौसेनं खिळा आणि रंग आणून ठेवला होता. पट्टीचं तिला माहीतच नव्हतं.

सगळे भोवती जमले. कचरूंनी खिळा उचलला आणि तो रंगाच्या झाकणावर टकटक वाजायला लागला. थांबेना. 

दीक्षानं एकदा हाताकडे, एकदा तोंडाकडे पाहिलं. “रंग वाळलाय वाटतं. चला, आधी जेवून घ्या सगळे.”

पाहुणे आत गेल्यावर तिनं हळूच विचारलं, “कधीपासून?”

“दोनेक महिने झाले. आईला सांगू नकोस.”

दारात द्वारकाबाई उभ्याच होत्या. “अहो, रोज अर्धा कप चहा मी काय काटकसर म्हणून देते? म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील.”

कचरूंना बसल्या जागी रडू फुटलं. “हिंमतदादासारखं झालं तर गं?”

“झालं तर बघू. आधी डॉक्टरला तर दाखवा.”

डॉक्टरांनी लिहायला लावलं, चालायला लावलं, हात पुढे धरायला लावले. भावाचा तो आजार आज तरी दिसत नाही, म्हणाले. गोळ्या घ्या, पण दाखवत राहा. ‘आज तरी’ एवढंच कचरूंच्या डोक्यात राहिलं.

गोळ्यांनी थोडा फरक आहे. तरी सकाळी जाग आली की ते आधी हात चादरीवर ठेवून बघतात. शांत असला तर फळी काढतात. नसला तर मंडईला जातो म्हणून बाहेर पडतात, आणि द्वारकाबाई पिशवी घेऊन बरोबर निघतात.