मामांच्या छातीइतकं जंगल

जन्मात विमानाची पायरी न चढता विमान कंपनी चालवणारा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात एकच निघेल, आणि तो म्हणजे आमच्या हिचे मामा. कंपनी तशी लहान, तिची विमानं हाताच्या बोटांवर मोजता येतील. पण ती उडतात ती आपल्या जिवावर, याबद्दल मामांना तिळमात्र शंका नाही. झालं असं, की या कंपनीनं आपल्या धुराचं पाप फेडायचं मनावर घेतलं. इंधन वाचवून जेवढा धूर कमी होईल तेवढा तिनं केला आणि उरलेला मामांच्या माथी आला. कशेळ्याच्या पुढे मामांच्या घराण्याचा डोंगरउतार आहे, त्यावर ऐन, किंजळ, हेदाचं जुनं रान. ते तोडायचं नाही, राखायचं, आणि त्याबद्दल कंपनीनं दरसाल मोबदला द्यायचा, असा करार झाला. विमानानं दिवसभरात सोडलेला धूर झाडानं वर्षभर गिळत बसायचा, हे गणित मला आजवर नीट पटलेलं नाही. मामांना ते एका बैठकीत पटलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले.

आकाशात घरघर ऐकू आली की मामा हातातला घास तसाच धरून अंगणात येतात आणि कपाळाला हात लावून शेपटीचा रंग बघतात. "आपलं हाय," म्हणाले तर समजावं, आता दोन घास जास्त जाणार. "आपलं नाय," म्हणताना मात्र दुसऱ्याच्या गुरानं आपल्या शेतात तोंड घातल्यासारखा चेहरा करतात. धुराच्या बाबतीत तर ते इतके कडक झाले, की त्यांच्या ओटीवर बिडी ओढणं बंद झालं आणि मामींची चूल गेली. मामी हिच्याकडे कुरकुरतात, "इमानाला धूर सोडाया परवानगी, आन माझ्या चुलीला नाय! गॅसवरच्या भाकरीला काय चव हाय का, सांग गं!" त्या भागात भाताचं रोप टाकण्याआधी झाडांच्या फांद्या तोडून, वाळवून जमिनीवर भाजतात, त्याला राब म्हणतात. मामांनी रानातली एक टहाळी तोडू दिली नाही. नुसत्या शेणावर आणि गळलेल्या पानांवर राब भाजला, रोप पिवळं पडलं आणि गाव हसलं. "हसा, पन इमान उडालं ना?" असं विचारून मामांनी गावालाच गप्प केलं. कंपनीनं एकदा फुकट विमानप्रवास देऊ केला, तोही त्यांनी नाकारला. "मी बसलो का वजन वाढनार, वजन वाढलं का धूर वाढनार. मंग तो निस्तरायचा कोनी? मीच ना?"

अशा माणसाच्या हातूनच घोटाळा व्हावा, याचं मला आजही नवल वाटतं. करारात लिहिलं होतं, की झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजावा. मामांनी एकेक झाड मिठीत घेऊन, स्वतःच्या छातीच्या उंचीवर टेप लावून सगळं रान मोजलं आणि आकडे वहीत उतरवले. आता मामांची उंची बेताची, आणि झाडाचं खोड बुंध्याकडे जाड असतं. वर्षानं कंपनीतर्फे तपासणीला आलेल्या बाई ताडमाड उंच होत्या. त्यांनी नियमाप्रमाणे साडेचार फुटांवर टेप लावला, तर सगळी झाडं बारीक भरली. वर्षभर राखलेलं जंगल चक्क रोडावलं होतं! बाईंना वाटलं, जुनी जाड झाडं तोडली गेली. करार मोडावा लागेल, असं त्या म्हणाल्या. मामांच्या धाकट्या भावानं सहीच मुळी या अटीवर केली होती, की करार मोडला तर उतार विकायचा. खालापूरचा जमिनीचा दलाल त्याच संध्याकाळी ओटीवर येऊन बसला आणि फार्महाऊसचे नकाशे दाखवू लागला. मामा दोन दिवस जेवले नाहीत. विमान गेलं तरी बाहेर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ते बाईंना घेऊन रानात गेले. मीही मागोमाग होतो. पहिल्याच ऐनाला छाती टेकवून मामा म्हणाले, "बाई, तुमी लांबून आलाव, आमी नाय म्हनत नाय. पन एकडाव हितं मोजा." बाईंनी वाकून मोजलं. आकडा मामांच्या वहीशी तंतोतंत जुळला. दहा झाडं मोजली, दहाही जुळली. मग बाई खाली बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या, आणि मामा रडले. करार वाचला, रान वाचलं. पुढे घोळ नको म्हणून बाईंनी प्रत्येक झाडावर साडेचार फुटांवर तांबडा पट्टा ओढून घेतला. तो मामांच्या बरोबर हनुवटीशी यायचा. "सरकारी मान्साची छाती उंचच आसायची," एवढंच ते म्हणाले, आणि बाई सरकारी नाहीत हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

याला बरीच वर्षं झाली. यंदाच्या मोजणीला मामांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. चढावर ते तीनदा बसले. पहिल्या ऐनापाशी उभे राहिले तेव्हा मला दिसलं, की पट्टा त्यांच्या नाकाशी आलाय. मी उगाच शहाणपण केलं, "मामा, झाड चांगलंच वाढलं की. पट्टा वर गेला."

मामा हसले. "पट्टा वर जात नाय, जावईबापू. झाड वाढतं त्ये शेंड्याला. मी खाली आलो."

तेवढ्यात वर घरघर झाली. मामांची मान आता तेवढी वर होत नाही. झाडाला हात टेकून त्यांनी विचारलं, "बगा, आपलं हाय का?"

फांद्यांतून मला विमानाचा नुसता आवाज आला, रंग काही दिसला नाही.

"आपलंच आहे, मामा," मी म्हणालो.

"मंग धरा टेप," मामा म्हणाले आणि वही उघडून बुंध्याशी बसले.