कान कापलेली कढई

मांडे करायचे तर खापर लागतं. खापर म्हणजे मातीचं मोठं भांडं. ते चुलीवर पालथं घालायचं आणि हातांवर वाढवलेली पुरणाची पोळी त्याच्या तापल्या पाठीवर टाकायची. इतकं साधं आहे बघा. फक्त आम्ही गाव सोडून शहरात, भेस्तानला चौथ्या मजल्यावर राहायला आलो आणि चूल सुटली ती सुटलीच.

गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, नातीचा, म्हणजे लेकाच्या मुलीचा, लग्नानंतरचा पहिला सण होता. पोरगी पलसाण्याला दिलेली, शाळेत विज्ञान शिकवते. फोनवर म्हणाली, "आजी, बाकी काही नको. मांडे खाऊ घालशील ना?"

"त्यात काय!" असं म्हणून मी फोन ठेवला. गावाहून आणलेलं खापर गॅसवर ठेवून बघितलं, तर बघता बघता तडकलं. सणाला दोनच दिवस राहिलेले.

सून म्हणाली, "आत्याबाई, लोखंडी कढई पालथी घातली तर?"

"आणि भजी काय ताटात तळशील?" मी फणकारले.

पण दुसरं होतं काय? घातली. पहिला मांडा छान पसरला, आणि काढताना कढईच्या कानात अडकून टर्रकन फाटला. लेक लूमच्या कारखान्यात फिटर. करवत घेऊन आला आणि दोन्ही कान कापून मोकळा. माझ्या लग्नातली कढई हो! दुसरा मांडा जळला, लोखंड काही खापरासारखं सबुरीनं तापत नाही. आच कमी केली, तर तिसरा कच्चा. चौथा सुनेनं चाखला. "चामट," म्हणाली. कितवा जमला ते कुणी मोजलं नाही, पण शेजारणींना त्या दिवशी स्वयंपाक करावा लागला नाही.

नात आली. आमरसात बुडवून पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले तिनं. मग उठून निवलेली कढई बघायला गेली. कापलेल्या जागी दोन खुंट राहिले होते, त्यावर बोट फिरवून हसायला लागली.

"आजी, हे तर कढईचं माकडहाड!"

मग मला समजावलं. आपल्या पूर्वजांना शेपूट होतं, हळूहळू गेलं, एवढंसं हाड मागे राहिलं. "त्याला लाखो वर्षं लागली, बाबांना पाच मिनिटं."

"त्या निसर्गाकडे माझ्या लेकासारखा फिटर नसेल."

"नव्हताच ना! किती मांडे फाटले असतील, विचार कर."

जाताना म्हणाली, "ही कढई मला दे. आमच्या घरात कुणालाच मांडे येत नाहीत." दिली.

आठवड्यानं फोन. "आजी, आमच्या शेगडीवर कढई डुगडुगत होती. सासऱ्यांनी काठाला तीन पाय जोडून दिले."

"आणि मांडा?"

"फाटला."

"कितवा?"

"अकरावा. बारावा टाकतेय. फोन बाजूला ठेवते, तू बोलत राहा."

बोलायला मला काय सांगावं लागतं! हाताला तेल लाव, आच कमी कर, घाई करू नकोस, कड सुटू दे.  शेवटी तिकडून तिच्या सासऱ्यांचा आवाज आला,

"पोरी, अजून एक वाढ."