फेस्टीकाका आणि इनिशगार्वची पुळण

फेस्टीकाकाला पोहता येत नव्हतं. आमच्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांपैकी कुणालाच येत नाही. पोहायला आलं की माणूस पाण्याशी सलगी करू लागतो, असं त्यांचं मत. अशा माणसाने चाळीस वर्षं परदेशी पाहुण्यांना घोड्यांवर बसवून, ओहोटीने उघड्या पडलेल्या पुळणीवरून इनिशगार्व बेटावर नेलं आणि परत आणलं. एकाच्याही केसाला धक्का लागला नाही. पाहुण्यांना वाटायचं, हा मोठा शूर. शूर कसला! त्याच्याइतका भित्रा माणूस मी आयर्लंडच्या सगळ्या कॉनेमारात पाहिलेला नाही.

मी त्याची पुतणी, बार्बरा. सहा दिवसांच्या घोडसहलीत तो सगळ्यांच्या पुढे आणि मी सगळ्यांच्या मागे, अशी आमची अठरा वर्षांची जोडी. पहिले चार दिवस डोंगर, दलदल आणि दगडी कुंपणं. तिथे काका शिट्टी वाजवत जायचा. पाचव्या दिवशी बेट असायचं, म्हणून चौथ्या संध्याकाळपासून त्याला घास गिळवत नसे. बटाटे चिवडत बसायचा.

"काका, खा की थोडं."

"तूच खा. उद्या बुडालो तर निदान तू तरी भरल्या पोटी जा."

ओहोटीच्या ऐन वेळेच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास पुळण मोकळी असते. मग तिथे माणसाच्या डोक्यावरून पाणी. काठाशी काका घोडी थांबवून छातीवर क्रूस काढायचा आणि पाहुणे त्याचे फोटो काढायचे. मग तो पाद्रीबुवांकडे बघायचा. पाद्रीबुवा म्हणजे पुळणीच्या मध्यावरचा काळा खडक. त्याच्या गळ्याशी शिंपल्यांचा पांढरा पट्टा आहे, अगदी पाद्र्याच्या कॉलरसारखा. कॉलर दिसते आहे तोवर खुशाल जा, बुडाली की घरी बसा. छापील वेळापत्रकाला काका हिंग लावून विचारत नसे.

गेल्या दोन उन्हाळ्यांपासून त्याने एक नवी गंमत काढली होती. काठाशी थांबून तो पाहुण्यांनाच विचारायचा, "बघा बरं, कॉलर दिसते का?" पाहुण्यांना तो खेळ वाटायचा. मलाही वाटायचा. आता ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या ऑगस्टमधल्या गुरुवारी सात पाहुणे होते. त्यात लेनार्ट नावाचा एक स्वीडिश गडी होता, दारात मावणार नाही एवढा रुंद. प्रत्येक कुंपणावरून घोडा उडाला की "अजून एक!" म्हणून ओरडायचा. आणि एक उर्सुलाबाई, स्वित्झर्लंडच्या शाळेत शिकवणाऱ्या. त्यांनी सकाळीच मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पाणी किती असेल हो?"

"घोड्याच्या खुराएवढं," मी म्हणाले. "फेस्टी असताना पाण्याची काळजी करायची नाही."

बेटावर पडक्या चर्चच्या आडोशाला ब्रेड, चीज आणि चहा झाला. काका मधूनमधून मला हाक मारायचा, "किती वाजले गं?" मी वेळ सांगायचे. निघायचं केव्हा ते तो ठरवणार. "काका, उशीर तर होत नाही ना?" असं त्याला विचारणं म्हणजे पाद्र्याला प्रार्थना येते का म्हणून विचारणं. पावणेचार वाजले तेव्हा तो उठला. हवेत दमट पांढुरकं धुकं उतरलं होतं.

"कॉलर दिसते का?" त्याने पुढून विचारलं.

"दिसते, दिसते! पांढरीशुभ्र!" लेनार्ट ओरडला.

मी मागे उर्सुलाबाईंच्या घोड्याचा तंग आवळत होते. मी मान वर करून पाहिलं नाही.

दहा मिनिटं गेली असतील. माझ्या लक्षात आलं की पुढच्या घोड्यांच्या टापांचे ठसे उमटल्या उमटल्या पाण्याने भरताहेत. माझ्या घोड्याने कान मागे पाडले. आमच्याकडे भरती लाटा उसळवत येत नाही, जमिनीवर सांडलेल्या दुधासारखी गुपचूप पसरते. डावीकडून ती पसरत होती. मी मागे वळून पाहिलं. बेटाजवळचा खळगा सगळ्यात आधी भरतो. तो भरला होता. म्हणजे परतीची वाट बंद.

मग पाद्रीबुवांचा खडक जवळ आला. कॉलर कुठेच नव्हती. खडकाच्या मानेभोवती पांढरा होता तो फेस.

तरीही मी गप्प राहिले. वाटलं, काका पुढे आहे, त्याला ठाऊक असणार. पुळणीवर वाट दाखवायला लाकडी खांब रोवलेले आहेत. ते तिथून डावीकडे वळतात, कारण उजवीकडे खोल चर आहे. काकाने उजवीकडे घोडी घातली. एक खांब त्याच्यापासून दहा पावलांवर होता आणि त्याने मानसुद्धा वळवली नाही. थोडं पुढे जाऊन तो थांबला. एकदा इकडे तोंड केलं, एकदा तिकडे. त्याच्यामागे साती घोडे थांबले. पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागलं होतं.

मी घोड्याला टाच मारून पाणी उडवत पुढे गेले.

"काका, खांब डावीकडे आहेत."

"गप बस."

"अरे, चर आहे पुढे!"

मग पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्याने विचारलं, "किती डावीकडे?"

"तुला दिसत नाहीत?"

"खांब दिसत नाहीत. तू दिसतेस. म्हणजे तुझ्या जाकिटाचं लाल काहीतरी दिसतंय."

"कधीपासून?"

"हे आत्ता विचारायचंय का, गाढवे? पुढे हो. मी मागे जातो."

चाळीस वर्षांत तो कधी मागे गेला नव्हता. मी पुढे झाले. आठ खांब बाकी होते आणि एकेक खांब मी जीव मुठीत धरून गाठत होते. समोरच्या धुक्यात पुढचा खांब आहे की नाही, की तोही पाण्याखाली गेला, हेच मनात. पाणी घोड्यांच्या पोटाला लागलं, मग खोगिराला. गारठ्याने माझ्या मांड्या बधिर झाल्या. किनाऱ्याजवळच्या शेवटच्या खोलगट टप्प्यात घोड्याचे पाय तळापासून सुटले ते मला खालून कळलं.

"लगाम सैल सोडा! आयाळ धरा!" मी ओरडले.

लेनार्ट मागे आनंदाने आरोळ्या ठोकत होता. आणि त्याच्याही मागे उर्सुलाबाई किंचाळल्या. मला वळून बघता येईना. वळले असते तर घोडा वळला असता आणि त्याच्यामागे सगळे. फक्त काकाचा आवाज ऐकू येत होता.

"उर्सुलाबाई, इकडे, माझ्याकडे बघा. मला पोहता येत नाही. मी पडलो तर मला तुम्हीच बाहेर काढायचं आहे. तेव्हा रडण्यात ताकद घालवू नका."

घोड्याचे खूर वाळूला टेकले तेव्हा मी देवाच्या आईचं नाव घेतलं, तेही मोठ्याने. एकेक घोडा अंग झाडत वर आला. पाहुणे ओरडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. सगळ्यांत शेवटी काका आला, उर्सुलाबाईंच्या घोड्याचा लगाम मुठीत घट्ट धरून.

"बार्बरा, मोज."

"आले रे सगळे."

"मोज म्हणतोय ना! मोठ्याने मोज."

मी नावं घेत मोजले. सात.

"पुन्हा."

मी पुन्हा मोजले. सात. तेव्हा तो घोडीवरून उतरला. तो ओल्या वाळूत बसला.

"इतक्यात भरलीच कशी?" तो पुटपुटत होता. "ओहोटी दोनला होती."

"दोनला?" मी खिशातला भिजलेला कागद काढला. "एकला!"

"कागदावर एक आहे. उन्हाळ्याचा एक तास वाढवायचा. झाले दोन."

उन्हाळ्यात आमच्याकडची घड्याळं एक तास पुढे जातात, छापील वेळापत्रक जात नाही. म्हणून दर एप्रिलमध्ये पाहुण्यांसाठी कागद टाइप करताना तो तास मीच वाढवून लिहिते. यंदा काकानेच सांगितलं होतं, जरा मोठ्या अक्षरांत काढ, पाहुण्यांना दिसत नाही. मी काढला. तो कागद तो स्वतः वाचतो हे मला माहीत नव्हतं, आणि तास आधीच वाढवलेला आहे हे त्याला. त्याने मला विचारलं नाही. विचारलं असतं तर डोळ्यांचं बिंग फुटलं असतं.

"तो तास मी आधीच घातला होता, काका."

त्याने तोंडावरून दोन्ही हात फिरवले.

तेवढ्यात लेनार्ट धावत आला. "फेस्टी! आयुष्यातला सगळ्यात भारी दिवस! दर आठवड्याला असंच नेता?"

"नाही," काका म्हणाला. "आज मी तुम्हाला मारलंच होतं."

सगळे खो खो हसले.

"खरं सांगतोय. मला दिसत नाही. तुझं नाक कुठाय तेसुद्धा दिसत नाही मला."

मग तर हशा पिकला. लेनार्टने त्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, या आयरिश लोकांचं काही खरं नाही! काकाने मान माझ्या दिशेने वळवली. पण मी होते त्या जागेच्या जरा बाजूलाच.

"तू सांग," तो म्हणाला. "तुझं ऐकतील."

मी सांगितलं तर त्याच संध्याकाळी सहलीचा मालक त्याला घरी बसवणार. नाही सांगितलं तर पुढच्या गुरुवारी दुसरे सात जण याच काठाशी उभे असणार आणि काका त्यांना विचारणार, कॉलर दिसते का? घोडी सोडली तर त्या म्हाताऱ्याला जगात दुसरं काही नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. तरी तोच म्हणाला, सांग.

मी सांगितलं. त्याच्या डोळ्यांचं सांगितलं आणि माझ्या कागदाचंही. एकेकाचं हसू थांबत गेलं. लेनार्टने कॅमेरा हळूच खिशात घातला. उर्सुलाबाई आत्ता कुठे रडायला लागल्या.

काका पुन्हा घोडीवर बसला नाही. तिचा लगाम माझ्या हातात दिला, माझ्या खोगिराची पायाखालची रिकीब धरली आणि म्हणाला, चल. घरापर्यंत दोन मैल वाट खाचखळग्यांची आहे. मी वरून सांगत होते, काका, दगड आहे, काका, खड्डा आहे. आणि तो दर वेळी म्हणत होता, "माहीत आहे."