लॅगिंगवाले बापू

बापू कुठल्याही वस्तूला आधी हाताची पाठ लावत. वाफेची नळी असो, चहाचा ग्लास असो की उन्हात उभी असलेली माझी स्कूटर असो, बोटं दुमडून मागची बाजू क्षणभर टेकवायची आणि मगच बोलायचं. तळव्याची कातडी इतकी जाड झाली होती की तिला काही कळत नसे. मसाटच्या आमच्या कारखान्यात गरम नळ्यांवर काचलोकर गुंडाळून वरून पत्रा चढवायचं काम ते करत. त्या कामाला लॅगिंग म्हणतात, म्हणून ते लॅगिंगवाले बापू. मूळचे पारोळ्याकडचे. होते ठेकेदाराचे कामगार, पण आमच्या कायम माणसांपेक्षा जुने.

मी तिथं सेफ्टी ऑफिसर. हेल्मेट, मास्क, कामगारांची वार्षिक वैद्यकीय तपासणी हे माझं खातं. मी समोर असेपर्यंत बापूंचा मास्क नाकावर असे, पाठ वळली की हनुवटीवर. मी रागावले की म्हणत, "मॅडम, याच्यातून हवा पुरत नाही." सगळेच कामगार हे म्हणतात. मीही सगळ्यांना देते तेच उत्तर त्यांना दिलं, सवय करा.

आमची खरी ओळख झाली ती बाबांमुळे. आई गेल्यावर बाबा नाशिकचं घर बंद करून सिल्वासाला माझ्याकडे आले आणि वर्षभर गप्प बसून राहिले. मग एक दिवस दुधनीकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून त्यांनी जीपमागे ओढायची जुनी कॅरव्हॅन विकत आणली. चाकांवरची खोलीच ती. आत दोन बाकं, ओटा, पलंग. कोकण किनाऱ्यानं खाली जायचं, एवढंच त्यांनी सांगितलं. वर्षभरात प्रथमच त्यांना काहीतरी हवंसं वाटलं होतं. पण मार्चमध्येच दुपारी त्या डब्यात दहा मिनिटं बसवेना. मी बापूंना विचारलं, रविवारी येऊन बघाल का.

ते आले, आतल्या भिंतीला हात टेकवला आणि म्हणाले, "ताई, हाई घर नही, भट्टी शे." कारखान्याबाहेर मी मॅडमची ताई झाले होते. त्यांनी आतली फळी उचकटली. मागचा जुना थर्माकोल हातात भुगा होऊन आला. त्यात उंदरांनी घरं केली होती आणि छताचं लाकूड ओलीनं काळं पडलं होतं.

बाबांना वाटलं होतं, दोन रविवारांत नवा थर्माकोल भरून होईल. बापू ऐकेनात. आधी बाबांना छतावर पाणी ओतायला लावलं आणि स्वतः आत बसून कुठून झिरपतं ते खडूनं आखलं. ते सांधे बंद करून लाकूड वाळेपर्यंत दुसऱ्या कामाला हात लावला नाही. मग फोमचे कडक तक्ते मापून कापले, चौकटीत दाबून बसवले, फटी भरल्या, वरून चंदेरी पट्टी ओढली. जिथं लोखंडी पट्टी आतून बाहेर जात होती तिथं रबर घातलं, कारण ऊन त्या लोखंडातूनच आत उतरतं म्हणे. आणि छताला हवेची एक जाळी ठेवलीच. बाबा म्हणाले, गार हवा निघून जाईल ना. बापू म्हणाले, "दादा, आत माणूस ऱ्हाणार. त्याचा श्वास कुठंतरी जायला पाहिजे. नाहीतर पुन्हा लाकूड ओलं."

कारखान्यात उरलेली काचलोकर भंगारात जाणार होती. ती रीतसर मागून आणू का, असं मी विचारलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "जिथं माणूस झोपतो तिथं ती नको."

"तुम्ही तर रोज हाताळता."

"ते काम आहे."

तिसऱ्या रविवारी मी चहा घेऊन गेले तेव्हा बापू कॅरव्हॅनच्या पायरीवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर उचललेले. एक तक्ता छताला लावून झाला होता, एवढंच. श्वास असा चालला होता जणू जिना चढून आलेत. मला बघून म्हणाले, धूळ गेली घशात. पण त्या दिवशी धूळ नव्हतीच.

सोमवारी मी कपाट उघडलं. तपासणीनंतर ठेकेदाराकडून एक यादी येई, नावापुढे 'फिट' असं लिहिलेली. मी यादीवर सही करी आणि छातीच्या फोटोंचे लिफाफे न उघडताच कपाटात ठेवी. बापूंचा लिफाफा आठ महिने तिथं होता. आत स्पष्ट लिहिलं होतं, दोन्ही फुप्फुसांवर व्रण, तज्ज्ञांना दाखवावे. यादीत मात्र फिट. खाली माझी सही.

मी त्यांना केबिनमध्ये बोलावून वाचून दाखवलं. त्यांना नवल वाटलं नाही. आमच्याकडे येण्याआधी ते एका जुन्या कारखान्यात होते. तिथं बॉयलरच्या नळ्यांवरचा ॲस्बेस्टॉसचा पांढरा लेप हातानं खरवडून काढत, तोंडाला रुमाल बांधून. त्यांच्याबरोबरचे दोघं असेच दमून दमून गेले होते.

"ताई, हे वर कळवलं की माझा गेटपास जाईल. पोरीचं बीएडचं शेवटचं वर्ष आहे. परीक्षा होऊ द्या."

मी म्हणाले, बघते. त्याच दिवशी त्यांना लोकरीच्या कामावरून काढून मापं घ्यायला लावलं आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. पोरीच्या परीक्षेसाठी मी थांबले, असं मी स्वतःला सांगत होते. पण अंगणात कॅरव्हॅनचं छत अर्धवट होतं आणि बाबा पुन्हा बोलायला लागले होते, हेही मला माहीत होतं.

काम मे महिन्यात संपलं. भर दुपारी बाबा आत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी मी अहवाल वर पाठवला, सोबत हलकं काम द्यावं असं लिहिलं. ठेकेदारानं संध्याकाळीच गेटपास काढून घेतला. बापू निरोप घ्यायलाही आत येऊ शकले नाहीत. फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभे होते. मी धावत गेले, तर मलाच म्हणाले, "उन्हात नका उभ्या राहू."

बाबा कोकणात गेले नाहीत. पुढच्या मार्चमध्ये त्यांनी बापूंना फोन केला, तो त्यांच्या बायकोनं, शांताकाकूंनी उचलला. घरावर पत्रे आहेत, दुपारी ह्यांचा जीव घाबरा होतो, रात्रंदिवस बसूनच असतात, एवढं त्या बोलल्या. दोन दिवसांनी बाबांनी कॅरव्हॅन जीपला जोडली आणि आम्ही पारोळ्याकडे निघालो.

बापू अर्धे झाले होते. आपणच केलेल्या त्या खोलीत जायला तयार नव्हते. बाबा म्हणाले, "बापू, मला एकट्याला फिरायला जमणार नाही. ही इथं सावलीला राहू दे." लिंबाखाली ती उभी केली, घरातून वायर ओढून पंखा लावला. त्या दुपारी बापू उशीला टेकून तासभर झोपले.

उठल्यावर मी त्यांना सांगून टाकलं. की मी कागद दाबून ठेवला तो तुमच्या पोरीसाठी नव्हता फक्त. आमचं काम पुरं व्हायचं होतं.

ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग म्हणाले, "मले ठाऊक होतं, ताई. म्हणून तर शेवटचं काम हळू केलं. लावलेले तक्ते दोनदा काढले. पोरीचा शेवटचा पेपर झाला, मग पूर्ण केलं." आणि थोड्या वेळानं, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. दोघांचंही काम झालं."

तो उन्हाळा त्यांनी काढला. पुढचा नाही. चैत्रात, सकाळी, कॅरव्हॅनमध्येच ते गेले. ते बसले होते तिथं काकूंनी चहा नेला होता. मुलगी आता धुळ्याला शाळेत शिकवते.

आता लिफाफे मीच आधी उघडते, आणि यादी मागाहून वाचते. यंदा तीन जणांच्या छातीच्या फोटोंत दोष निघाला. अहवाल पाठवण्याआधी मी ठेकेदाराच्या ऑफिसात रोज जाऊन बसले, आधी यांना बसून करायचं काम लिहून द्या, मगच बाकीच्यांच्या यादीवर सही करीन म्हणून. दोघांना स्टोअरमध्ये जागा मिळाली. तिसऱ्याला नाही मिळाली, तो नवापूरकडे आपल्या गावी गेला. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. दोनदा लावला आणि वाजायच्या आत बंद केला. उद्या रविवार आहे, उद्या लावीन.